बंद झालेल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास कसा लिहाल? चिमूरचं उदाहरण

खासदारांची यादी लिहिली म्हणजे इतिहास झाला, असं नाही. आधी हद्द लिहा. लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून १८९२ मध्ये दादाभाई नौरोजी निवडून आले आणि १९१८ मध्ये तो मतदारसंघच संपला. तिथले अभ्यासक अशा मतदारसंघाची हद्द आधी देतात, मग खासदार, मग निकाल. हाच क्रम धरा.

चिमूर १९६७ च्या निवडणुकीपासून २००४ पर्यंत चालला. २००८ च्या पुनर्रचनेनंतर आलेला गडचिरोली-चिमूर वेगळा आहे: अनुसूचित जमातींसाठी राखीव, तीन जिल्ह्यांत पसरलेला, आमगावपासून थेट अहेरीपर्यंत. २००४ आणि २००९ चे आकडे शेजारी ठेवून मतं वाढली-घटली म्हटलं, की लेख तिथेच फसतो. चिमूरच्या आतही १९६७, १९७१ एका हद्दीवर आणि १९७७ पासूनच्या निवडणुका १९७६ च्या परिसीमन आदेशावर (मतदारसंघांच्या हद्दी ठरवणारा आदेश) झाल्या. तक्त्यात मध्ये जाड रेघ ओढा.

खरी मेहनत गावं जुळवण्यात आहे. आदेशात हद्द तहसील, महसूल मंडळ, तलाठी साझा (एका तलाठ्याकडची गावं) अशी येते, आणि तहसील त्या सालची असते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ चा, त्याआधी तो चंद्रपुरातच होता. चिमूरही पूर्वी वरोरा तहसिलीत होतं. म्हणून त्या काळच्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका जवळ ठेवा. खुर्द-बुद्रुक नीट पाहा. रिठी गाव महसुली यादीत असतं, पण तिथे वस्ती नाही, म्हणून मतदारही नाही. ते मतदार यादीत शोधत बसू नका.

निकाल निवडणूक आयोगाच्या सांख्यिकी अहवालातून घ्या. रकाने: साल, एकूण मतदार, वैध मते, बाद मते, विजेता, पक्ष, मताधिक्य. मताधिक्याची टक्केवारी वैध मतांवर काढा, एकूण मतदारांवर नाही.

१९६७ च्या मागे जायचं असेल तर जपून. विदर्भाचे १९५२ चे निकाल मध्य प्रदेशाखाली, १९५७ चे मुंबई राज्याखाली मिळतील. काही जागा द्विसदस्य होत्या, म्हणजे एका मतदारसंघातून दोन खासदार. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मतं, त्यामुळे मतं मोजून मतदानाचं प्रमाण काढलं तर ते शंभर टक्क्यांवरही जाऊ शकतं. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली. पोटनिवडणुका वेगळ्या शोधाव्या लागतात. १९५४ ची भंडाऱ्याची, ज्यात डॉ. आंबेडकर हरले, ती १९५२ च्या अहवालात सापडणार नाही.