मांजर घेऊन सोलापूर-पुणे: खरं काम पिंजऱ्यापाशीच

लसीचं कार्ड, पाणी, गाडीची हवा हे तुम्ही बघालच. आमचा बोका मन्या याला घेऊन मी कितीतरी वेळा ताईकडे पुण्याला गेले आहे. अडीचशे किलोमीटरचा हायवे सरळ आहे. अवघड असतात ती घरातून निघायच्या आधीची दहा मिनिटं.

पिंजरा टणक प्लास्टिकचा घ्या, कापडी पिशवी नको. मांजराला आत उभं राहून वळता आलं की पुरे. जास्त मोठा घेतलात तर ब्रेक लागला की ते आतल्या आत आपटतं.

पहिल्या खेपेला मी निघायच्या दिवशी सकाळीच माळ्यावरून पिंजरा काढला. मन्यानं तो बघितला आणि थेट दिवाणाखाली घुसला. झाडूनं हुसकावला, मानगुटीला धरून कोंबला. माझा हात कोपरापर्यंत ओरबाडला, आणि वाटेतलं मोहोळ गाव येईपर्यंत तो ओरडत होता. पिंजऱ्यात मुतला ते वेगळंच. ‘मांजरी पिल्लाला तसंच उचलते की’ असं सांगणारे भेटतील. पिल्लू तळहाताएवढं असतं हो! पाच किलोचा बोका मानेवर लोंबकळला तर त्याला दुखतं, आणि पिंजऱ्याचा राग कायमचा बसतो.

म्हणून दोन आठवडे आधी पिंजरा खाली काढा, दार काढून ठेवा आणि मांजर जिथं लोळतं तिथंच मांडा. आत त्याचं रोजचं फडकं घाला, तेही न धुता. पाहुण्यासाठी अंथरायचं असल्यासारखं आपण ते धुवायला जातो, पण त्याला त्याचाच वास हवा असतो. जेवणाची ताटली आधी दारापाशी ठेवा, मग रोज थोडी आत सरकवा. आत निवांत जेवायला लागलं की दार लावून लगेच उघडा. मग पिंजरा उचलून जिन्यापर्यंत न्या, मग गाडीतून जवळच्या चौकापर्यंत (आमच्याकडे सात रस्ता) एक चक्कर मारा. मधली पायरी गाळू नका. मी गाळली होती, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

अचानकच निघायचं झालं तर पिंजरा उभा करा, दार वरच्या बाजूला येईल असा. मांजराला पाय आत घेऊन टॉवेलमध्ये गुंडाळा आणि शेपटीकडून खाली सोडा. तोंडाकडून घालायला गेलात तर ते चारी पाय कडांना लावून अडतं, मग दोन माणसंही पुरत नाहीत.

वरून झाकायला चादर नको. आपली सोलापुरी चादर थंडीत छान, पण पिंजऱ्यावर टाकली की आत हवा कोंडते. टॉवेलही आपल्याच गावचा मिळतो, तो तीन बाजूंनी टाका आणि समोरची बाजू उघडी ठेवा.

निघायच्या तीन-चार तास आधी खाणं बंद, पाणी चालू. गुंगीचं औषध फक्त जनावरांच्या डॉक्टरांनी दिलं तरच. आपली पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, एका गोळीनंही मांजर दगावू शकतं.

पिंजरा पुढच्या सीटच्या मागे, खाली घट्ट बसवा.

एप्रिल-मेमध्ये पहाटेच निघा. इथं पारा 42 अंशांच्या वर जातो, आणि चहा पिऊन येईपर्यंत बंद गाडीची भट्टी होते. चहाला आळीपाळीनं उतरा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर एसी वाढवा, पंजे आणि कान ओल्या फडक्यानं पुसा आणि जवळचा जनावरांचा दवाखाना गाठा.

वाटेत पिंजरा उघडायचा नाही. टेंभुर्णीच्या पुढे एका ढाब्यावर भाऊजी म्हणाले, “अगं, जरा पाय मोकळे करू दे त्याला.” मी दार उघडलं, त्याच वेळी कुणीतरी गाडीचं दार उघडलं, आणि मन्या शेजारच्या उसात. दोन तास आम्ही फडाच्या कडेनं सुक्या मासळीची पुडी वाजवत हिंडलो. पाच तास मांजर शू आरामात धरतं. पाय मोकळे करायची हौस आपली असते.

पोचल्यावर एकच खोली द्या, दारं-खिडक्या लावा, शू-शीसाठी माती भरलेला ट्रे ठेवा आणि पिंजरा उघडून बाजूला व्हा. ताईच्या पोरांना आधीच दम देऊन ठेवा. मन्या पहिली रात्र पिंजऱ्यातच काढतो, आणि आम्ही त्याला काढू देतो.