जुना पिकअप ट्रक ओढत नसेल तर दोष कसा शोधावा

पेडल तळापर्यंत दाबूनही गाडी जडच चालते, तेव्हा बहुतेक जण प्लग आणि फिल्टर बदलून मोकळे होतात. ते नंतर करा. आधी ठरवा, ताकद इंजिनातच तयार होत नाही की तयार होऊन वाटेत वाया जाते?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ताशी ५० च्या आसपास असताना पेडल पूर्ण दाबा. आरपीएम (इंजिनाचे दर मिनिटाचे फेरे) भरभर चढले आणि वेग मात्र तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक असेल तर गिअरबॉक्सच्या तेलाची पातळी आणि वास पाहा. मग ब्रेक कमीत कमी वापरून आठ-दहा किलोमीटर चालवा आणि प्रत्येक रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक तापले असेल तर कॅलिपर किंवा व्हील सिलिंडर (ब्रेक दाबणारा भाग) अडकलाय; मागची दोन्ही तापली असतील तर आधी हँडब्रेकची केबल पाहा.

आरपीएमच चढत नसतील तर इंजिनाकडे वळा. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि हवेचा पाइप काढून थ्रॉटलची (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी) चकती पाहा. ती पूर्ण उघडलीच पाहिजे. ताणलेली केबल किंवा पेडलखाली सरकलेली मॅट तिला अर्ध्यावर रोखते. कार्बोरेटर असेल तर थ्रॉटल झटक्यात उघडताच पेट्रोलची चिळकांडी लगेच उडायला हवी. उशीर झाला तर अॅक्सिलरेटर पंप गेलाय.

यानंतर व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ मोजणारे मीटर. पेट्रोल इंजिनासाठी याच्याइतके बोलके हत्यार दुसरे नाही. ते इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांना) जोडा. गरम इंजिन आयडलला (पेडल न दाबता चालू) असताना सुई १७ ते २१ इंचांवर (पाऱ्याचे इंच) स्थिर हवी (समुद्रसपाटीपासून दर १००० फुटांना साधारण १ इंच कमी धरा). आता २५०० आरपीएम धरून ठेवा. सुई क्षणभर पडून पुन्हा वर आली आणि तिथेच राहिली, तर एक्झॉस्ट मोकळा आहे. ती हळूहळू खाली घसरत राहिली तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा डबा) तुंबलाय. खात्रीसाठी एक्झॉस्टवरचा, कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. २५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर दाब म्हणजे अडथळा नक्की. कन्व्हर्टर थंड असताना रबरी हातोडीने ठोकून पाहा, खुळखुळ वाजला तर आतली जाळी फुटली आहे. पण नवा बसवण्याआधी इंजिनाचे मिसिंग (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटणे) काढा. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, जाळी वितळते, आणि नवाही तसाच जातो.

आयडलला सुई ठरावीक लयीत थोडी पडत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गळतोय. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तच्या ७५ टक्क्यांखाली असेल तर बाहेरच्या दुरुस्तीने भागणार नाही.

इंधनाचा दाब उभ्या गाडीत मोजून समाधान मानू नका. आयडलला बरोबर दिसणारा दाब चढावर कोसळतो, कारण तुंबलेला फिल्टर आणि थकलेला पंप मागणी वाढल्यावरच उघडे पडतात. लोडवरचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा.

डिझेल गाडीत धूर बघा. काळा धूर आणि ताकद नाही, म्हणजे हवा कमी पडतेय: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, उघडा अडकलेला ईजीआर (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह). धूरही नाही आणि ताकदही नाही, तर डिझेलच पुरेसे पोचत नाही. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून आधी पाणी काढा.