व्हिसाच्या अर्जातल्या या चुका टाळा: नकार परवडतो, बंदी परवडत नाही

नाशिकमध्ये बरीच वर्षं व्हिसाच्या फाईली बघतोय. कॉलेज रोड, गंगापूर रोडवरच्या कन्सल्टन्सीतून बिघडून आलेली फाईल उघडली की बहुतेक वेळा एकच दिसतं. खरं सांगितलं असतं तर फार तर व्हिसा नाकारला गेला असता आणि कागद नीट करून पुन्हा अर्ज करता आला असता. खोटं सापडल्यावर अर्ज करण्याचा रस्ताच बंद होतो. कॅनडात पाच वर्षं, ब्रिटनमध्ये दहा वर्षं. ऑस्ट्रेलियात खोट्या कागदांसाठी तीन आणि खोट्या ओळखीसाठी दहा वर्षं. अमेरिकेत तर जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीची बंदी कायमची असते, सवलत मिळालीच तर वेगळा अर्ज करून आणि अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे जुनं रिजेक्शन लपवणं. निफाड तालुक्यातल्या एका मेकॅनिकल इंजिनिअर मुलाचं उदाहरण सांगतो. त्याचा ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा नाकारला गेला होता, कारण पैसे खात्यात सलग २८ दिवस राहिलेले नव्हते. यात गुन्हा काहीच नव्हता, दिवस पूर्ण करून पुन्हा अर्ज करता आला असता. पण घरच्यांना घाई झाली आणि एजंटनं कॅनडाची फाईल लावली. ‘आधी कुठल्याही देशानं व्हिसा नाकारलाय का?’ या प्रश्नापुढे त्यानं ‘नाही’ भरलं. का, तर जुनं दाखवलं की फाईल कमजोर होते!

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश अर्जदारांची माहिती आपसात पडताळतात, बोटांच्या ठशांसकट. ठसे दिले की जुना अर्ज समोर येतो. कॅनडाकडून प्रोसिजरल फेअरनेस लेटर आलं, म्हणजे ‘तुम्ही माहिती लपवल्याचं दिसतंय, खुलासा करा’ अशी नोटीस. ती गेली एजंटच्या ईमेलवर, कारण फॉर्मात ईमेल त्याचाच होता. वडील प्रिंट घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मुदत संपत आली होती. मुलगा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होता, “सर, मी फॉर्म बघितलाच नव्हता, फक्त सही केली.” खुलाशात आम्ही तेच लिहिलं. तो मान्य झाला नाही. अर्ज कुणीही भरलेला असो, त्यातल्या मजकुराची जबाबदारी अर्जदाराची, असं कॅनडाचा कायदा मानतो. पाच वर्षं गेली, आणि तीही शिकण्याच्या वयातली.

म्हणून माझी एक सवय आहे. फॉर्म सबमिट करण्याआधी पूर्ण प्रिंट काढायची आणि अर्जदाराला समोर बसवून प्रत्येक प्रश्न मराठीत विचारायचा. जुना पासपोर्ट, जुने अर्ज, जुनी नकारपत्रं टेबलावर असल्याशिवाय पेन उघडायचं नाही. ईमेल आणि पासवर्ड अर्जदाराकडेच. “एवढा वेळ कशाला, तिकडे दोन दिवसांत फाईल लावतात,” असं म्हणणाऱ्यांना मी थांबवत नाही.

दुसरी चूक पैशांची. आपल्याकडे यात फार वाईट गोष्ट घडते. द्राक्षबागायतदाराकडे पैसा खरा असतो, पण तो नोकरदारासारखा महिन्याला येत नाही. हंगाम आटोपला की व्यापाऱ्याचे पैसे एकदम जमा होतात. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे अनेकांकडे रिटर्नही नसतो. मग कुणीतरी सुचवतं, धंद्याचं उत्पन्न दाखवून रिटर्न भरून टाकू, नाहीतर कुणाचे तरी पैसे महिनाभर खात्यात फिरवू. म्हणजे खरी कमाई झाकून तिथे खोटी मांडायची! त्यापेक्षा सातबारा, व्यापाऱ्याची हिशेबपट्टी, बँकेतली जमा आणि एका पानाचं साधं पत्र लावा: ही रक्कम कधी, कुणाकडून, कशाची आली. काकांनी पैसे दिले असतील तर काकांचं पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट. जमीन विकली असेल तर खरेदीखत. रक्कम मोठी असणं अडत नाही, तिचा उगम सांगता न येणं अडतं.

अनुभवाचं खोटं पत्र: सातपूर-अंबडच्या ज्या कारखान्याचं पत्र लावाल, तिथे फोन जाऊ शकतो, आणि फोन उचलणाऱ्याला तुमचं नाव माहीत नसतं.

लग्न किंवा मूल लपवणं: कॅनडाच्या पीआर (कायम वास्तव्याच्या) अर्जात जे कुटुंबीय जाहीर केले नाहीत, त्यांना पुढे स्पॉन्सर करताना, म्हणजे आपल्या जबाबदारीवर तिकडे बोलावताना, सहसा अडतं.

सोशल मीडिया: अमेरिकेच्या फॉर्ममध्ये गेल्या पाच वर्षांतली खाती विचारतात. त्या खात्यांवर दिसणारी नोकरी आणि फॉर्ममधली नोकरी एकच हवी.

ॲडमिशन लेटर: डिसेंबर २०२३ पासून कॅनडा ते थेट कॉलेजकडून पडताळून घेतो. तुम्हीही स्वतः कॉलेजला ईमेल करून विचारा, एजंटमार्फत नको.

आणि हे फक्त तिकडचं प्रकरण नाही. पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा भारतीय न्याय संहितेखाली वेगळा गुन्हा आहे.

चूक होऊन अर्ज गेलाच असेल तर निर्णयाची वाट बघत बसू नका. कॅनडाच्या बाबतीत त्यांच्या वेबफॉर्मवरून स्वतःहून दुरुस्ती कळवा: काय चुकलं, खरं काय, पुरावा काय. त्यांनी पकडायच्या आधी सांगितलेलं आणि पकडल्यावर सांगितलेलं यांना सारखं वजन नसतं. नोटीस आलीच असेल तर त्याच दिवशी मुदत लिहून ठेवा, अर्ज ज्यानं भरला त्याच्याकडून खुलासा लिहून घेऊ नका आणि त्या देशातल्या परवानाधारक इमिग्रेशन वकिलाला पूर्ण फाईल दाखवा, एजंटसोबतच्या व्हॉट्सॲप चॅटसकट.