हापूसच्या जाहिरातीवर क्लिक पडतात, ऑर्डर येत नाही : लँडिंग पेजच्या या चुका टाळा

मार्चच्या मध्यावर मला फोन सुरू होतात आणि तक्रार ठरलेली असते : "जाहिरातीवर लोक येताहेत, रोजचे पैसे जाताहेत, पण पेटी काही हलत नाही." फोन करणारे बहुधा रत्नागिरी किंवा देवगडकडचे बागायतदार असतात. फेसबुक-इन्स्टाग्रामवरची जाहिरात त्यांनी स्वतः लावलेली असते आणि तिच्यावर क्लिक केल्यावर उघडणारे पान, म्हणजेच लँडिंग पेज, भाच्याने सुट्टीत बसून करून दिलेले असते. दोष जाहिरातीचा आहे असे धरून बजेट वाढवले जाते आणि तोटाही त्याच प्रमाणात वाढतो. मी आजवर तपासलेल्या बहुतेक पानांत जाहिरात ठीक होती. तिने अर्धवट सोडलेले वाक्य पान पुरे करत नव्हते, एवढेच.

जाहिरात एक बोलते, पान दुसरेच

एका बागायतदारांची जाहिरात अगदी नेमकी होती : देवगड हापूस, दोन डझनांची पेटी, पुण्यात घरपोच. क्लिक केल्यावर मात्र ‘आपले सहर्ष स्वागत’ उघडत असे, त्याखाली आजोबांचे छायाचित्र, मग बागेचा इतिहास, वरच्या मेन्यूत काजूगर, कोकम सरबत, फणसपोळी आणि राहण्याच्या खोल्या. दोन डझनांच्या पेटीची किंमत शोधायला अंगठ्याने सहा वेळा पान सरकवावे लागे. लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आजोबांविषयी आदर असेलही, पण तो पेटीसाठी आला होता.

उपाय साधा आहे. जाहिरातीतले शब्द तसेच्या तसे पानाच्या शीर्षकात आले पाहिजेत आणि पहिल्याच स्क्रीनवर फळाचे वजन, नग, पोहोचण्याची जागा, डिलिव्हरी धरून एकूण किंमत आणि ऑर्डरचे बटण दिसले पाहिजे. ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’ या शब्दांनी काहीच कळत नाही. ‘२ डझन, प्रत्येक फळ २२५ ते २७५ ग्रॅम’ या शब्दांनी कळते. पुण्याची आणि मुंबईची जाहिरात वेगळी असेल तर पानेही दोन करावीत, कारण पोहोचण्याचे दिवस आणि डिलिव्हरीचे भाडे दोन्ही वेगळे असतात. या पानावरचा मेन्यू काढून टाकावा. काजूगर विकायचे असतील तर त्यांना त्यांचे स्वतंत्र पान द्यावे. गुगलवर जाहिरात देणाऱ्यांना याचा आणखी एक फटका बसतो : तिथल्या क्वालिटी स्कोअरमध्ये, म्हणजे गुगल जाहिरातीला देते त्या गुणांत, अपेक्षित क्लिक आणि जाहिरातीची समर्पकता यांच्याबरोबरीने लँडिंग पेजचा अनुभवही मोजला जातो.

गिऱ्हाइकाच्या मनातली शंका पानावर नसणे

सर्वांत जास्त ऑर्डरी इथे गळतात, असे माझे मत आहे. हापूस ऑनलाइन घेणाऱ्याच्या मनात चार-पाच प्रश्न पक्के असतात आणि ते शोधायला बाजाराचा अभ्यास लागत नाही. गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप चॅट उघडून वाचल्या की पुरे. हा खरोखर कोकणातला आहे की हापूसच्या नावाखाली दुसरीकडचा? पावडर लावून पिकवला आहे का? येईल तेव्हा कच्चा असेल की पिकलेला? आणि आत साका, म्हणजे पांढरट, स्पंजासारखा खराब गर, निघाला तर?

पहिल्या प्रश्नाला पुष्कळजण भौगोलिक मानांकनाचा (जीआय) शिक्का पानावर डकवून उत्तर देतात. हापूसला हे मानांकन २०१८ मध्ये मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. परंतु बाग त्या जिल्ह्यात असणे पुरेसे नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणीही व्हावी लागते. नोंदणी असेल तर तिचा क्रमांक द्यावा. नसेल तर शिक्का लावू नये. गावाचे नाव, बागेचा या हंगामातला फोटो आणि तोडणीची तारीख यांनीही विश्वास बसतो.

पिकवण्याविषयी ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ हे शब्द इतके झिजले आहेत की ते वाचून कोणी थांबत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास आपल्याकडे बंदी आहे, तर इथिलीन वायूचा १०० पीपीएमपर्यंतचा (दहा लाख भागांत १०० भाग) वापर नियमांना मान्य आहे. आपण भाताच्या पेंढ्यात अढी लावत असू तर तसे लिहावे आणि अढीचा फोटो द्यावा. रायपनिंग चेंबर, म्हणजे वायूने फळ पिकवण्याची बंद खोली, वापरत असू तर तेही न लाजता लिहावे. फळ कोणत्या अवस्थेत पोहोचेल आणि त्यानंतर किती दिवसांत खाण्याजोगे होईल, हे न लिहिल्यामुळे ‘हिरवे आंबे पाठवले’ अशी तक्रार येते आणि तीही सर्वांना दिसेल अशा जागी येते.

साक्याचा उल्लेख पानावर करायला बागायतदार घाबरतात. तो बाहेरून दिसत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे आणि एकदा पोळलेल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. तेव्हा ‘कापल्यावर साका निघाल्यास त्याच दिवशी फोटो पाठवा, तितक्या फळांचे पैसे परत करू’ हे वाक्य ऑर्डरच्या बटणाजवळच ठेवावे. कुठल्याही ‘१००% समाधानाची हमी’पेक्षा ते अधिक काम करते.

पान उघडतच नाही

मोबाइलने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवणे, वर आपोआप सरकणारे पाच फोटो, खाली लगेच सुरू होणारा व्हिडिओ : या तिन्हींचा भार गिऱ्हाइकाच्या डेटावर पडतो. पानाचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा, बोट टेकवल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत मिळावा आणि पान उघडताना मांडणी हलण्याचा आकडा ०.१ च्या खाली राहावा, असे गुगलचे निकष आहेत. गुगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर पानाचा पत्ता टाकला की ते विनामूल्य तपासता येतात. पहिला फोटो वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात बदलून दीड-दोनशे केबीपर्यंत आणावा आणि सरकता पट्टा काढून एकच फोटो ठेवावा.

यात एक चूक जाणकारांच्या हातूनही होते. वेग वाढावा म्हणून सगळ्याच फोटोंना लेझी लोडिंग, म्हणजे तिथवर सरकल्यावरच फोटो उतरवण्याची सोय, लावले जाते, त्यात सर्वांत वरचा फोटोही सापडतो आणि तोच उशिरा येऊ लागतो. लेझी लोडिंग खालच्या फोटोंसाठी आहे. तसेच ‘अक्षय्य तृतीया ऑफर’ची पट्टी दोन सेकंदांनी वरून टपकत असेल तर ती सगळे पान खाली ढकलते आणि ऑर्डरवर टेकवायचे बोट भलतीकडेच पडते.

मराठी अक्षरांची हेळसांड

वेबसाइटच्या तयार थीम, म्हणजे आयते साचे, बहुतेक रोमन अक्षरांसाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे मराठी पानांवर काही दोष हमखास दिसतात. शीर्षकाला दोन पिक्सेलचे अक्षर-अंतर दिलेले असले की शिरोरेषा तुटते आणि ‘हापूस’ शब्द तीन सुट्या तुकड्यांसारखा दिसतो. हे अंतर शून्य करावे. ओळींमधले अंतर १.२ इतके कमी असले तर ‘सर्वोत्तम’मधला रफार आणि ‘पेटी’ची मात्रा वरच्या ओळीला चिकटते, ते १.५ किंवा १.६ ठेवावे. कृतिदेवसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटात डीटीपीवाल्याने टाइप केलेला मजकूर पानावर चिकटवला तर त्याची निरर्थक रोमन अक्षरे होतात, म्हणून मजकूर युनिकोडमध्येच मागावा. फोटोवर अक्षरे टाकण्याच्या काही ॲपांत ‘रत्नागिरी’ची पहिली वेलांटी ‘ग’च्या आधी न येता नंतर जाऊन बसते. करणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, वाचणाऱ्याला मात्र पहिल्या नजरेत दिसते, आणि ज्याला गावाचे नाव नीट लिहिता येत नाही त्याच्याकडे आगाऊ पैसे कशाला पाठवायचे, असे त्याला वाटले तर त्यात नवल नाही.

फॉर्म

पेटी पाठवायला नाव, मोबाइल, पिनकोड, पत्ता आणि पेट्यांची संख्या एवढेच लागते. ईमेल, जन्मतारीख, ‘आमच्याविषयी कुठून कळले’ हे सगळे पैसे आल्यावर विचारावे किंवा मुळीच विचारू नये. पिनकोड सर्वांत आधी घ्यावा, म्हणजे जिथे गाडी जात नाही तिथल्या माणसाला पूर्ण पत्ता लिहिण्याचा त्रास होणार नाही. मोबाइलच्या रकान्यावर अंकांचा कीपॅड उघडला पाहिजे. सुरुवातीचे +९१, शून्य किंवा मधली मोकळी जागा यांमुळे ‘चुकीचा क्रमांक’ असा लाल शेरा येता कामा नये. मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकणारे लोकही असतात आणि फक्त रोमन अंक ओळखणारा फॉर्म त्यांना काही न सांगता अडवतो. रकान्यातली अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनवर पान आपोआप मोठे होते आणि बटण स्क्रीनबाहेर जाते.

इन्स्टाग्रामवरून आलेले पान त्याच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तिथून यूपीआयचे ॲप उघडताना गाडी कधीकधी अडते. म्हणून चाचणी लॅपटॉपवर करू नये. आपल्या जाहिरातीवर साध्या अँड्रॉइड फोनवरून, मोबाइल डेटावर, स्वतः क्लिक करून एक रुपयाचा का होईना, पण व्यवहार शेवटपर्यंत करून पाहावा.

खोटी घाई आणि उशिरा कळणारे भाडे

पान पुन्हा उघडले की पुन्हा पंधरा मिनिटांपासून मोजू लागणारे घड्याळ आणि महिनाभर ‘फक्त २ पेट्या शिल्लक’ सांगणारी पट्टी यांना गिऱ्हाईक आता सरावले आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या मांडणीविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत अशा १३ युक्त्या नोंदवल्या आहेत. खोटी घाई, टोपलीत गुपचूप वस्तू टाकणे आणि किंमत थोडीथोडी उघड करणे या तिन्ही त्यांत आहेत. शेवटच्या पायरीवर डिलिव्हरीचे १५० रुपये दाखवणे हा त्यातलाच प्रकार. हापूसला खोटी घाई लागतच नाही : ‘या आठवड्याची तोडणी शुक्रवारी, ऑर्डर बुधवारी रात्रीपर्यंत’ हे खरे आहे आणि तेवढे पुरे आहे.

गळती कुठे आहे ते कसे शोधावे

पान बदलण्याआधी आकडे क्रमाने पाहावेत. मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीच्या, जाहिरात व्यवस्थापकात ‘लिंक क्लिक’ आणि ‘लँडिंग पेज व्ह्यू’ हे दोन वेगळे रकाने असतात. १०० क्लिक आणि ६० व्ह्यू असतील तर बाकीचे ४० लोक पान उघडण्याआधीच परत गेलेले असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी मजकूर सुधारून उपयोग नाही, वेग पाहावा. व्ह्यू भरपूर आहेत, पण लोक पहिल्या स्क्रीनच्या खाली जात नाहीत, तर जाहिरात आणि शीर्षक यांचा मेळ बसलेला नाही. मायक्रोसॉफ्ट क्लॅरिटी हे विनामूल्य साधन लोक कुठवर सरकतात आणि कुठे बोट टेकवतात ते दाखवते. अशी दहा रेकॉर्डिंग पाहायला अर्धा तास लागतो आणि बहुतेक उत्तरे तिथेच मिळतात. फॉर्म सुरू होतात पण पुरे होत नाहीत, तर रकाने किंवा भाडे. फॉर्म पुरे होतात पण पैसे येत नाहीत, तर पेमेंटची पायरी.

मोजमापच चुकीचे असेल तर हे सारे व्यर्थ जाते. व्हॉट्सॲपच्या बटणावरच्या क्लिकला ‘खरेदी’ म्हणून नोंदवण्याची चूक मी वारंवार पाहतो. मग मेटाची यंत्रणा पेटी घेणारी माणसे शोधायचे सोडून बटण दाबणारी माणसे शोधत बसते. ऑर्डरनंतर दिसणारे आभाराचे पान पुन्हा उघडले की तीच ऑर्डर दुसऱ्यांदा मोजली जाते, याकडेही लक्ष असावे.

आता खर्चाचा हिशेब. समजा ८ रुपयांना एक क्लिक पडतो. १०० क्लिकचे ८०० रुपये झाले आणि २ ऑर्डरी आल्या, तर पेटीमागे ४०० रुपये जाहिरातीत गेले. त्याच ८०० रुपयांत ४ आल्या तर २००. मात्र शंभर-शंभर लोकांवर दोन पाने चालवून एकीकडे २ आणि दुसरीकडे ४ ऑर्डरी आल्या म्हणून दुसरे पान जिंकले असे म्हणता येत नाही, तो योगायोगही असू शकतो. दोन-अडीच महिन्यांच्या हंगामात बटण हिरवे की केशरी याच्या चाचण्या करण्याइतके लोक आपल्या पानावर येत नाहीत. चाचणी करायचीच तर मोठ्या गोष्टीची करावी : एक डझन की दोन डझन, भाडे वेगळे की किमतीतच.

पाऊस सुरू झाल्यावर जाहिरात आधी बंद करावी आणि पान नंतर बदलावे; उलट केले तर मधल्या दिवसांचे क्लिक फुकट जातात. पान काढून मात्र टाकू नये, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेली लिंक जुलैतही कोणीतरी उघडतो. त्याला ‘४०४’, म्हणजे पान सापडत नसल्याचा संदेश, दिसण्यापेक्षा हंगाम संपल्याची एक ओळ आणि पुढच्या मार्चमध्ये कळवण्यासाठी मोबाइल क्रमांकाचा एकच रकाना दिसावा. संदेश पाठवण्याच्या संमतीची खूण मात्र त्याची त्यालाच करू द्यावी, आधीपासून करून ठेवू नये.