एक अक्षर, टॅब, आणि थेट शोध

गावात रेंजची एकच काडी असली की आधी साइटचं मुखपृष्ठ उघडत बसणं परवडत नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीतूनच मराठी विकिपीडियात शोधता येतं.

आधी विकिपीडियात ‘क्यूक्यूक्यू’सारखं निरर्थक काहीतरी इंग्रजी अक्षरांत शोधा. मराठी शब्द नको. कॉपी केल्यावर त्याची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते. निकालाच्या पानाचा पत्ता कॉपी करा. सेटिंग्ज, सर्च इंजिन, साइट सर्चमध्ये ‘अ‍ॅड’ दाबून तो चिकटवा. निरर्थक शब्दाच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून इंग्रजी लहान एस. मध्ये स्पेस नको, तिथंच बिघडतं. शॉर्टकट ‘वि’ ठेवा, म्हणजे कीबोर्डची भाषा बदलावी लागत नाही.

आता ‘वि’, टॅब, ‘बोंडअळी’, एंटर.