नळ घ्यायला निघण्याआधी

बाथरूमचं काम काढायचं ठरलं की घरातली मंडळी पहिल्यांदा दुकान गाठतात, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. दुकानात भिंतभर चकचकीत नळ मांडलेले असतात. दुकानदार कौतुकाने एखादा उघडून दाखवतो आणि मस्त फेसाळ धार पडते. त्या नळामागे पंप असतो. आपल्या घरी मात्र गच्चीवरची टाकी असते, आणि ती आपल्या डोक्यापासून किती वर आहे यावर धार ठरते. म्हणून तयारीची सुरुवात घरातल्या बादलीपासून करा.

आंघोळीची २० लिटरची बादली नळाखाली ठेवा, नळ पूर्ण सोडा आणि मोबाइलवर वेळ लावा. दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर येतात, म्हणजे बरं चाललंय. चार मिनिटं लागली तर पाच लिटर. हे सकाळी सातच्या गर्दीत एकदा आणि दुपारी एकदा करून बघा, आकडे कागदावर लिहून ठेवा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं माप) दाब मिळतो, हा हिशेब शाळेतला असला तरी दुकानात कामाला येतो. आमचा फ्लॅट कोथरूडच्या एका जुन्या सोसायटीत, चौथ्या म्हणजे शेवटच्या मजल्यावर आहे. टाकीचा तळ आमच्या शॉवरपासून जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे दाब ०.२ बार. त्याच टाकीचं पाणी तीन मजले खालच्या काकूंकडे १ बारपेक्षा जास्त दाबाने पडतं. हे कळायच्या आधी मी हौसेने मोठा, ताटाएवढा शॉवर आणला होता. त्यातून पाणी बरसायच्या ऐवजी मधल्या चार भोकांतून ठिबकायचं. आईने एकदा त्याच्याखाली उभं राहून पाहिलं आणि म्हणाली, ‘अरे, हा अभिषेकपात्र आहे का?’ तो शॉवर आता माळ्यावर आहे.

नळाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात त्याला किमान किती दाब लागतो ते छापलेलं असतं. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर तो आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. कमी दाबाला साधा बिब कॉक (बादली भरायचा भिंतीवरचा नळ), छोट्या तोंडाचा शॉवर आणि आतून रुंद वाट असलेला वॉल मिक्सर (गरम-थंड पाणी मिसळून देणारा भिंतीवरचा नळ) चांगला. एकाच दांडीने गरम-थंड दोन्ही चालवणारा नाजूक सिंगल लिव्हर तिथे रडतो. प्रेशर पंप बसवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग पंपाचा आवाज आणि वीज गेल्यावर काय करायचं हेही ठरवा. उंच इमारतीत खालच्या मजल्यांवर उलटी तऱ्हा असते. दाब इतका की नळ उघडला की अंगावर शिंतोडे. तिथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आहे का, हे सोसायटीच्या माणसाला विचारून घ्या.

पुढचा प्रश्न पाणी कसलं येतं हा. मुंबईत भातसा-वैतरण्याचं किंवा पुण्यात खडकवासल्याचं पालिकेचं पाणी मऊ असतं. पण शहराच्या कडेला नव्याने वाढलेल्या भागांत बोअर आणि टँकरवर दिवस काढावे लागतात, आणि त्या पाण्यातले क्षार नळाच्या तोंडाशी पांढरे थर धरतात. तुमच्या जुन्या शॉवरची भोकं बुजलेली असतील, गिझरची कॉइल पांढरी पडत असेल, तर उत्तर मिळालंच. अशा घरात काळा मॅट रंगाचा नळ घेऊ नका. दुकानात तो फार देखणा दिसतो, घरी आठवड्यात त्यावर खडूने रेघोट्या ओढल्यासारखे डाग पडतात. साधं क्रोम सगळ्यांत सोशीक. नळाच्या तोंडाची जाळी हाताने उघडून साफ करता येते का ते पाहा. ती व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली की थर सुटतो. फरशी धुवायचं ॲसिड मात्र नळाला चुकूनही लावू नये, मुलामा जातो तो जातोच. कोकणात समुद्राजवळ घर असेल तर खारी हवाही मुलाम्याला पोखरते, तिथे स्वस्तातल्या प्लेटिंगचा मोह टाळा.

आता धातू. चांगला नळ आतून पितळी असतो, वरून क्रोमचा मुलामा. स्वस्तातले जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, दिसायला अगदी तसेच. एकाच मापाचे दोन नळ दोन हातांत घ्या आणि वजन करा, पितळी जड लागतो. लोहचुंबक घेऊन जाणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. चुंबक पितळेलाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही, त्यामुळे त्या परीक्षेत दोघेही पास होतात. पितळी नळांसाठी भारतीय मानक आहे, आयएस ८९३१. खोक्यावर आयएसआयची खूण आणि हा क्रमांक शोधा. मोरीत, गच्चीत किंवा भाड्याच्या खोलीत प्लास्टिकचा नळही चालतो. तो गंजत नाही, चोरीलाही जात नाही. पण गिझरच्या लाइनवर नको.

घरात कोण कोण राहतं याची यादी करा. ही गंमत म्हणून सांगत नाही. साबणाच्या हाताने गोल चावी फिरवणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. सांधे दुखत असतील तर पाव फेऱ्यात उघडणारी लांब दांडीची चावी हवी. लहान मुलं असतील तर गरम पाण्याची चावी डावीकडे आणि थंड उजवीकडे, हा नियम घरभर एकच ठेवा. आणि मग पुन्हा बादली. आपल्याकडे अजूनही बहुतेक घरांत आंघोळ बादली आणि तांब्या-मगाने होते, शॉवर रविवारी. तरी नळाची उंची ठरवताना बादलीला कोणी विचारत नाही. घरातली सगळ्यांत उंच बादली भिंतीशी ठेवा, तिच्या कडेपासून वर वीतभर जागा सोडा आणि तिथे पेन्सिलने खूण करा. धार बादलीच्या मध्यावर पडायला हवी, म्हणजे नळाचं तोंड भिंतीपासून किती पुढे येतं तेही मोजा. आखूड नळाखाली बादली भिंतीला घासत राहते आणि निम्मं पाणी कडेवरून जातं. अशा वेळी लाँग बॉडीचा बिब कॉक मागा. बेसिनच्या नळालाही हेच लागू. तोंड फार बाहेर आलं तर पाणी बेसिनच्या उतारावर आदळून पोटावर उडतं, फार आत राहिलं तर हात धुताना बोटं मागच्या काठाला लागतात.

सगळ्यांत महागडी चूक भिंतीच्या आत होते. डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा) आणि कन्सील्ड स्टॉप कॉक (भिंतीत दडलेली, पाणी बंद करायची चावी) हे टाइल लागण्याआधीच भिंतीत जातात. म्हणून मॉडेल आधी ठरवा, आतला भाग आधी विकत घ्या आणि प्लंबरच्या हातात द्या. ‘आत्ता कुठलाही टाकतो, वरचं नंतर बघू’ असं प्लंबर म्हणाला तर चहा पाजा, पण ऐकू नका. एका कंपनीचा आतला भाग आणि दुसरीचं वरचं झाकण सहसा जमत नाही. त्या भागावर एक प्लास्टिकचं टोपण असतं. गिलावा आणि टाइल मिळून भिंत त्यावर आखलेल्या मर्यादेतच आली पाहिजे. आमच्याकडे भिंतीचा ओळंबा साधण्यासाठी मिस्त्रीने पाऊण इंच जास्त माल लावला आणि डायव्हर्टर विहिरीत गेल्यासारखा आत गेला. नवी टाइल फोडताना होणारा आवाज मी विसरलेलो नाही. टाइल लावण्याआधी लाइनला हातपंपाने दाब देऊन काही तास ठेवायला सांगा, दाबाच्या काट्यावर नजर ठेवा, आणि सगळ्या भिंतींचे मोजायची टेप लावून फोटो काढा. पुढे आरसा ठोकताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्यातून कळतं. वॉल मिक्सर असेल तर गरम-थंड लाइनच्या मध्यांमध्ये साधारण १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच अंतर हवं.

अँगल कॉक, म्हणजे भिंतीतून येणाऱ्या लाइनवर प्रत्येक जोडणीला लागणारी छोटी चावी, मोजायला लोक विसरतात. गिझरला दोन, बेसिनला दोन, फ्लशच्या टाकीला एक, कमोडशेजारच्या जेटला (हातात धरायच्या फवाऱ्याला) एक. झाले सहा, एकाच बाथरूमचे. जेटची नळी कायम दाबाखाली राहते, म्हणून तिचा अँगल कॉक असा हवा की रोज सहज बंद करता येईल, गावी जाताना तर नक्कीच. गरम पाण्याच्या हौसेपायी जेट मिक्सरला जोडू नका. दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या आणि जेट बंद असला की थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतं, आणि सोलरचं पाणी कोमट का येतंय म्हणून लोक गच्चीवर चढून बसतात.

बिल घेताना त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. कार्ट्रिज, म्हणजे नळाच्या आतला पाणी उघड-बंद करणारा भाग, खराब होईल तेव्हा तो लागतो. वॉरंटी कार्डात मुलाम्याची मुदत आणि आतल्या भागांची मुदत वेगळी असू शकते, दोन्ही वाचा. टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची), फ्लँज (नळाभोवतीचं भोक झाकणारी चकती) आणि एक्स्टेंशन निपल (लाइन पुढे आणणारा छोटा तुकडा) यांचे दोन-दोन नग जास्त आणा. भिंतीतला एल्बो (पाइप वळवणारा जोड) टाइलच्या आत बसलेला निघाला की निपल लागतोच, आणि तो नेमका रविवारी दुपारी लागतो.

बसवायच्या दिवशी प्लंबरला एवढंच सांगा, की नळ लावण्याआधी लाइन पाच मिनिटं मोकळी सोड. पाइपमध्ये सिमेंट आणि वाळूचे कण असतात, ते नव्या कार्ट्रिजमध्ये अडकले की पहिल्याच आठवड्यात नळ गळतो आणि दोष कंपनीला जातो. पहिले चार दिवस जाळ्याही काढून ठेवा. आणि जुने नळ ‘घेऊन जा’ म्हणण्याआधी एकदा हातात तोलून बघा. तीस वर्षांपूर्वीचं पितळ भंगारवाला किलोवर घेतो.