शेतकरी कंपनी काढताय? आधी हवेचं मशीन बाहेर ठेवा

सोयाबीन निघालं की आमच्या लातूर जिल्ह्यात, औसा-रेणापूरकडं शेतकरी कंपन्यांचे नवेनवे बोर्ड लागायलेत, चांगलंय, पण दोन सीझन गेले की त्यातल्या काहींची आडत, म्हणजे दलालाचं दुकान, कधी होते ते त्यांनाच कळत नाही. आमची पण व्हायलीच होती, म्हणून जे उशिरा कळलं ते सांगतो.

कंपनी काढायला १० शेतकरी पुरतात, संचालक कमीत कमी ५ लागतात. २००२ साली कंपनी कायद्यात ही सोय आली. त्यात एक गोष्ट लै भारीए, शेअर कितीबी असू द्या, सभासदाला मत एकच. दहा एकरवाल्याला एक आन् दीड एकरवाल्यालाबी एकच. ह्यावर पळवाट म्हणजे सगळे संचालक एकाच भावकीतले घ्यायचे, मग मतं असून काय उपयोग. म्हणून नोंदणीच्या वेळेसच नियमावलीत टाका, एका घरातला एकच संचालक. सीए तयार नमुना देतो अन् आपण सह्या करून मोकळे होतो, तसं करू नका, मांडी घालून बसा आणि वाचा.

आता खरं काम, खरेदीचं. आमच्या पहिल्या सीझनला मॉइश्चर मशीन, म्हणजे मालातला ओलावा (आमच्याकडं त्याला हवा म्हणतात) मोजायचं मशीन, आत केबिनमधी होतं, पोरगा आतून ओरडायचा "चौदा!", म्हणजे चौदा टक्के, की बाहेर कटती लागली, म्हणजे वजनातून किलो कापले. एक आज्जी सहा कट्टे घेऊन आली, तीन दिवस माळवदावर वाळवलेलं सोयाबीन, तिलाबी चौदाच. ती म्हणली, "बाबा, ती मशीन मला बी दाव की." दावली, तर दुसऱ्यांदा १२.४ आली आणि तिसऱ्यांदा १२.१. पोरानं वरच्या एकाच कट्ट्यातली मूठ घेतली होती, तीबी उन्हात तापलेली. १२ च्या वर टक्क्याला क्विंटलमागं एक किलो कटती, चौदा म्हणजे दोन टक्के वर, तिचा माल तीन क्विंटल, म्हणजे सहा किलो. २०२५-२६ च्या ५३२८ च्या हमीभावानं धरलं तरी ३२० रुपये, तिचा खुरपणीचा एक रोज गेला असता. चोरी कुणीच केली नव्हती ओ, पण दरवेळेस चूक आपल्याच फायद्याची व्हायली तर तिला काय म्हणायचं?

तवापासून मशीन बाहेर टेबलावर. तीन-चार कट्ट्यांतला माल काढून एकत्र करायचा, सावलीत थोडा निवू द्यायचा, तीनदा हवा बघायची, सरासरी शेतकऱ्यासमोर पट्टीवर, म्हणजे खरेदीच्या पावतीवर, लिहायची. कटतीचा दर सकाळीच फळ्यावर. काट्यावर वैधमापनवाल्यांचा ह्या वर्षीचा शिक्का पाहिजे, आन् वीस किलोचं एक वजन बाजूला ठेवा, ज्याला शंका आली त्यानं स्वतः ठेवून बघावं. पहिले आठ दिवस लै वेळ जातो, रांग लागते, लोकं वैतागतात. जाऊ द्या.

भाव पडलेला असंल तर माल आपल्याच कंपनीला विका म्हणून मागं लागू नका. बाजार समितीच्या तारण योजनेत माल गोदामात तारण ठेवला की मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, १८० दिवसांसाठी, ६ टक्के व्याजानं. आपली एक ट्रक कमी भरंल, भरू द्या.

हमालांचं बरेच जण विसरतात. माथाडी कायदा १९६९ चा आहे, तरीबी गोडाऊनवर ना सावली ना प्यायला पाणी. चाळणीवर बायका असतात, त्यांचा रोज संध्याकाळीच हातात द्या, "मिलवाल्याचं पेमेंट आलं की देतो" हे बंद. मिलवाल्याशी भांडायचं काम संचालकाचंय, चाळणीवालीचं नाही.

नफा वाटताना आमच्यात जोरात वाजलं होतं. दोघं म्हणायलेत शेअरवर वाटा, त्यांचे शेअर जास्त होते, दुसरं काय. पण शेअरवर परतावा मर्यादितच असतो, त्याच्या वरचा बोनस ज्यानं कंपनीसंगं जेवढा व्यवहार केला त्या हिशोबानं. म्हणून प्रत्येकाच्या पट्ट्या वर्षभर नावानिशी फाइलला लावून ठेवा, नाहीतर मार्चनंतर कुणाचं किती ते सापडत नाही.

वार्षिक सभेची नोटीस १४ दिवस आधी जायला पाहिजे आणि एकचतुर्थांश सभासद तरी हजर पाहिजेत. सभा लातूरच्या हॉटेलात नको, गावातल्या मारुतीच्या पारावर घ्या, तेबी रास चालू असताना नको. ताळेबंद कुणाला कळत नाही, सरळ दहा पट्ट्या उचला आन् मोठ्यानं वाचा, माल कितीला घेतला, मिलला कितीला दिला, मधले पैसे कुठं गेले. आमच्या सभेत आज्जी पुढंच बसती, आणि अजून विचारती, "मशीनचे सेल बदलले का रे?"